पाहिलेलं आधी, वाटलेलं नंतर

दसरा सरला की नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक वाढते. व्यापारी ती विकत घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रानात पथारीवर वाळत घालतात. बाया ओळीने बसून देठ खुडतात, माल निवडतात, आणि थंडी सरेपर्यंत गावोगावच्या हातांना काम मिळतं. अशाच एका पथारीवर दोन भाऊ कामाला जायचे. थोरला मुकादम होता, धाकटा निवडीला बसायचा. धाकट्याला सगळे नाना म्हणत. वय ३४.

नानाचा हात ढिगावरून फिरला की रंग उडालेली, पांढरी पडलेली फटकी मिरची नेमकी बाजूला पडायची. इतरांच्या ढिगात शेठ हात घालून खात्री करून घ्यायचा, नानाच्या ढिगात कधी नाही. बोलणं मात्र मोजकं. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग घरापासून जवळ, आणि लहानपणी स्टेशनावर ऐकलेली घोषणा त्याच्या जिभेवर बसलेली. दिवसातून केव्हाही तो म्हणायचा, “यात्रीगण कृपया ध्यान दें.” पोरं त्याच्यामागे तेच ओरडत फिरायची. घरच्यांच्या कानांना त्याची इतकी सवय झाली होती की आता कोणी वळूनही पाहत नसे.

कागदांची नानाला वाण नव्हती. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढे नानाचंही आधार निघालं. अपंगत्वाचा दाखला त्याआधीचा होता, त्यावर ‘मतिमंद’ असं लिहिलेलं. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, नव्हतीच. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत ती आली. तोवर नानाच्या वयाची मुलं मोठी होऊन गेली होती, जुन्याच शिक्क्याखाली राहिली होती. शहाद्याला दिलेल्या बहिणीने खटपट करून नवा दाखला काढला. त्यावर ‘ऑटिझम’ असं नाव आलं, टक्केवारी आली. नानाला कुठे दुखतं, काय सोसत नाही, हे मात्र एकाही कागदावर नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नाना बदलला. काम करता करता उठायचा, उजव्या गालावर स्वतःच्याच मुठीने मारायचा आणि रुळांच्या दिशेने पळत सुटायचा. एकदा त्याचा धक्का लागून एक बाई ढिगावर पडली. शेठने थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं, “थोडे दिवस त्याला आणू नको.”

थोरल्याचा जीव भावात होता. त्याने जागा दाखवणारं घड्याळ मागवून नानाच्या मनगटावर बांधलं. नानाने ते तासाभरात ओरबाडून काढलं. मग खोलीत कॅमेरा बसवला. आता थोरल्याला कामावर असतानाही फोनमध्ये नाना दिसायचा. मूठ गालावर बसताना दिसायची. ती का बसते, हे कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, झोपेच्या गोळ्या मिळाल्या. नाना दिवसा पेंगायचा आणि रात्री भिंतीला टेकून बसून राहायचा.

शेवटी घरात बैठक बसली. प्रकाश्याहून मामा आले, काका-काकू आले, बहीण आली. काका म्हणाले, “मोठ्या शहरात संस्था असतात, पैसे भरू, तिथे ठेवू.” काकू म्हणाल्या, “हे बाहेरचं आहे, भगताला दाखवा.” थोरला म्हणाला, “गोळी वाढवू आणि खोलीला बाहेरून कडी लावू. रुळांवर गेला तर मी कोणाला तोंड दाखवू?” प्रत्येकाकडे उपाय होता. मामांनी मायकडे पाहिलं. माय चुलीपाशी बसली होती. ती उठून मध्ये आली आणि अहिराणीत एवढंच बोलली, “काय देखं, ते सांगा. काय वाटस, ते मंग.”

बहीण आशा कार्यकर्ती होती. कोणाला ताप किती दिवस, कोणत्या बाळाचं वजन किती भरलं, हे लिहिण्यातच तिचे दिवस जायचे. तिने पिशवीतून कोरी वही काढली आणि चार रकाने आखले: दिवस, काय पाहिलं, कोणी पाहिलं, कारण. चौथ्या रकान्यावर तळहात ठेवून ती म्हणाली, “हा आज रिकामा राहील.”

सुरुवात मायने केली. भाऊबीजेपासून नाना डाव्या बाजूने चावतो. भाकर दुधात भिजवल्याशिवाय खात नाही. ठेचा आवडीचा, तो ताटात तसाच राहतो. रात्री उठतो आणि उजवा गाल पाण्याच्या माठाला लावून बसतो. “मला वाटलं, गारवा...” असं ती म्हणू लागली तशी बहिणीने मान हलवली, आणि माय स्वतःच थांबली.

थोरल्याने पथारीची हजेरी काढली. नाना आठ वेळा पळाला होता, त्यातले चार दिवस ट्रक भरायचे होते. त्याच्या फोनमध्ये एक व्हिडिओही होता. डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढलेला, आणि दवाखान्यात गर्दी म्हणून आवाज बंद ठेवून दाखवलेला. घरात तो पहिल्यांदा आवाजासकट लागला. ट्रक मागे येत होता, त्याचा कर्कश इशारा एकसारखा वाजत होता. नाना मिरची निवडता निवडता थांबला. “यात्रीगण कृपया ध्यान दें.” कोणी लक्ष दिलं नाही. पुन्हा तेच, जरा मोठ्याने. मग दोन्ही हात कानांवर, मग गालावर मूठ, मग पळणं.

थोरल्याची ११ वर्षांची मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, “काकाला घरी जायचं असलं की तो रेल्वेचं बोलतो.”

तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बहीण पथारीवर गेली आणि जी बाई पडली होती तिला भेटली. धडगावकडून हंगामापुरती कामाला आलेली, डोंगरातली बाई. ती म्हणाली, “त्याने ढकललं नाही. दोन ढिगांच्या मधल्या वाटेत मी टोपली घेऊन उभी होते. त्याचे दोन्ही हात कानांवर होते. कोपर लागलं.” गावभर ‘नाना अंगावर येतो’ अशी बोलवा झाली होती, आणि जिच्या अंगावर तो गेला म्हणत होते तिची साक्ष कोणीच घेतली नव्हती. बहिणीने ती घेतली आणि तिसऱ्या रकान्यात ‘धडगावच्या मावशी’ असं लिहिलं.

आता तिला चौथ्या रकान्यासाठी मदत हवी होती. प्रशिक्षणात ओळख झालेल्या एका समुपदेशक ताईंना तिने वहीची पानं फोटो काढून पाठवली. ताईंनी दोन हकिकती सांगितल्या. पहिली १९४३ सालची. अमेरिकेत डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमची ओळख जगाला झाली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी मुलाचं रोजचं वागणं बारकाईने टिपून कॅनर यांना ३३ पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं होतं, आणि डॉक्टरांच्या अभ्यासाला त्या पत्राचा मोठा आधार मिळाला. हा डोनाल्ड पुढे आपल्याच लहान गावात राहिला, तिथल्या बँकेत त्याने नोकरी केली, गाडी चालवली, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. गावाने त्याला आपला मानलं होतं. “तेव्हा तुमची वही ही घरगुती चोपडी समजू नका,” ताई म्हणाल्या. “डॉक्टरांनाही ती लागते.”

दुसरी हकिकत २००६ सालापासूनची. अमेरिकेतच ‘आस्पायर’ नावाचा गट उभा राहिला. त्यात विद्यापीठातल्या संशोधकांच्या शेजारी स्वमग्न प्रौढ माणसं बरोबरीने बसतात. काय अभ्यासायचं, प्रश्न कसा विचारायचा, हे ती ठरवतात. त्या गटाने दवाखान्यात न्यायच्या माहितीचा एक नमुना तयार केला: या माणसाला वेदना झाली तर तो ती कशी दाखवतो, कोणता आवाज किंवा स्पर्श सोसत नाही, त्याला कसं विचारलं तर उत्तर मिळतं. ताई म्हणाल्या, “प्रौढ माणूस अचानक बदलला की ऑटिझम वाढला असं म्हणून लोक मोकळे होतात. आधी दात, कान, पोट तपासा. दुखणं त्यालाही होतं. सांगायची रीत वेगळी असते.”

बहिणीने त्या धर्तीवर एका पानाचा मजकूर लिहिला. नाना दुखतं असं सांगत नाही, दुखऱ्या जागेवर मारतो. नकार द्यायचा असला की रेल्वेची घोषणा म्हणतो. मागून हात लावू नये. दिव्याचा झोत डोळ्यांवर नको. हत्यार आधी हातात द्यावं. हे पान घेऊन ती सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांकडे एकटीच गेली, खुर्चीचे आणि खोलीचे फोटो काढून आणले आणि नानाला रोज संध्याकाळी दाखवले. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला पहिला नंबर दिला. छोटा आरसा आधी त्याच्या हातात दिला. नानाने तो उलटसुलट करून पाहिला, स्वतःच्या बोटावर धरला, परत दिला आणि तोंड उघडलं. उजवीकडची खालची दाढ किडली होती, मुळाशी पू झाला होता.

दाढ काढली. जखम भरली. माठाला गाल लावणं थांबलं, ठेचा पुन्हा ताटात संपू लागला, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेच्या गोळ्या हळूहळू बंद झाल्या. शेठने नानाला परत बोलावलं. घराने सुस्कारा टाकला.

आठवड्याभरात नाना पुन्हा पळाला. दाढ नव्हती, आणि त्या दिवशी ट्रकही नव्हता. बहिणीने वही पुन्हा चाळली. आधीच्या पळण्यांतही दोन दिवस असे होते, ज्यांचा मेळ ट्रकशी बसत नव्हता आणि दाढेशीही नाही. मामा म्हणाले, “काही गोष्टींना कारण नसतं.” माय म्हणाली, “नसेल सापडत तर रकाना रिकामा ठेवा. खोटा भरू नका.”

आता एकच साक्ष उरली होती, नानाची. ती कशी घ्यायची हा प्रश्न होता. ताईंनी सांगितलं होतं की चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलणारी ॲप्स असतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ असंच आहे. बहिणीने ते पाहिलं, कल्पना तिला पटली. पण त्यात नानाची पथारी नव्हती, त्याची माय नव्हती, आणि ते त्याच्या घरच्या बोलीत बोलत नव्हतं. मग थोरल्याच्या मुलीने, नानाच्या पुतणीने, एका जुन्या फोनमध्ये नानाचंच जग भरलं. घर, माय, भाकर, स्टेशन, शेठ, ट्रक, मिरचीचे ढीग, पथारीचे चारही कोपरे. प्रत्येक फोटोला तिने आपल्या आवाजात अहिराणी ओळ जोडली. दाराच्या फोटोला ‘माले घर जानं शे’. हाताने धरलेल्या गालाच्या फोटोला ‘दुखस’.

सुरुवातीला नाना फक्त आगगाडी दाबायचा. पुतणीने त्याला घाई केली नाही. तीही भाकर हवी असली की तोंडाने न मागता फोटो दाबायची, पाणी हवं असलं की माठ दाबायची. नाना बघत राहायचा. पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी त्याने फोन आपणहून उचलला, पथारीचे फोटो एकेक करत मागे टाकले आणि एका फोटोवर बोट ठेवलं. पथारीच्या कडेचा लिंब. पुन्हा तोच. पुन्हा तोच.

सकाळी थोरला त्याला घेऊन पथारीवर गेला आणि आज पहिल्यांदाच त्याच्या मागे मागे चालला. नाना थेट लिंबाखाली जाऊन थांबला. तिथे बारदानाची थप्पी रचलेली होती. थोरल्याच्या ध्यानात आलं. सगळे हंगाम नाना याच सावलीत बसत आला होता. यंदा जागा कमी पडली म्हणून थोरल्यानेच बारदान तिथे लावलं होतं आणि नानाला मधल्या उन्हात, जाण्यायेण्याच्या वाटेवर बसवलं होतं. जागा बदलल्याचं कोणी त्याला सांगितलं नव्हतं. हा बदल मायला ठाऊक नव्हता. हजेरीत तो नव्हता, व्हिडिओत नव्हता, दाखल्यात नव्हता. धडगावच्या मावशींनीही तो सांगितला नाही, कारण त्या याच वर्षी आल्या होत्या. तो एकट्या नानाला ठाऊक होता.

बारदान हलवायला तासभर लागला. पुढची व्यवस्था एकेक करत बसत गेली, आणि दर वेळी नानाला विचारून. ट्रक निघाला की ड्रायव्हर थोरल्याला फोन करतो, थोरला नानाला ट्रकचा फोटो दाखवतो, आणि ट्रक भरून जाईपर्यंत नाना पथारीच्या दुसऱ्या टोकाला जातो. आवाज अडवणारे महागाचे कानपट्टे आणले होते, ते त्याला डोक्यावर दाबतात म्हणून नको झाले. कानात कापूस आणि वरून घट्ट रुमाल त्याला पुरतो, मग तेच ठरलं. खोलीतला कॅमेरा काढला. नाना कुठे आहे हे कळण्याची गरज खरीच होती, रूळ जवळ होते. पण घड्याळ झिडकारणारा नाना फोन मात्र स्वतःच खिशात घालून निघतो, कारण त्यात त्याचे शब्द आहेत. त्या फोनवरून त्याची जागा थोरल्याला आणि बहिणीला दिसते, आणि हे दोघांचे फोटो दाखवून त्याला सांगितलेलं आहे.

मजुरीचंही तसंच झालं. आजवर दोघा भावांची मजुरी थोरला एकत्र घ्यायचा. आता नानाची त्याच्या स्वतःच्या खात्यावर जाते, आणि बाजाराच्या दिवशी थोडे पैसे रोख हातात येतात. पहिल्या बाजाराला त्याने पावशेर शेव घेतली आणि घरी आणून मायसमोर ठेवली.

हंगाम संपता संपता मामा पुन्हा आले. सगळ्यांच्या मनात होता तो प्रश्न त्यांनी विचारला, “ताई, तुझ्यामागे त्याचं कसं?” मायने कपाटातून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यात आता नानाचं पान होतं, सगळ्यांच्या नोंदी होत्या, आणि शेवटी नानाने स्वतः निवडलेल्या फोटोंची यादी होती: हवं ते एका बाजूला, नको ते दुसऱ्या बाजूला. बहिणीने कायद्याचंही सांगितलं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय केली. २०१६च्या कायद्याने पुढे जाऊन म्हटलं की मर्यादित पालकत्व म्हणजे पालक आणि ती व्यक्ती यांनी परस्परांच्या विश्वासाने, मिळून घेतलेला निर्णय. “मिळून घ्यायचा तर आधी त्याचं म्हणणं कळलं पाहिजे,” बहीण म्हणाली. “ते इथे लिहून ठेवलं आहे. आमच्यामागे जो कोणी येईल त्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.”

मामांनी वही पूर्ण वाचली. मग पेन मागितलं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर त्या दिवशी स्वतः पाहिलेलं एक वाक्य लिहिलं: ‘दुपारी मी मोठ्याने बोलत होतो तेव्हा नानाने दाराचा फोटो दाबला. मी आवाज उतरवला. नाना बसला.’ चौथ्या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही.

तात्पर्य हे की स्वमग्न माणूस मोठा झाला तरी त्याचं कोडं कोणा एकाच्या हाती सुटत नाही. आईने पाहिलेलं, भावाच्या हजेरीतलं, मजूर बाईच्या साक्षीतलं, लहान मुलीच्या ध्यानात आलेलं, डॉक्टरांच्या तपासणीतलं आणि दूरदेशीच्या संशोधनातलं, हे सगळं एका वहीत यावं लागतं, आणि त्यातलं कोणतंच दुसऱ्याहून हलकं मानून चालत नाही. मतं घाईने पुढे येतात, म्हणून त्यांना थांबवून पाहिलेलं आधी मांडावं. यंत्राची पारखही सोपी आहे. त्या माणसावर नुसती नजर ठेवणारं यंत्र त्याच्याविषयी थोडं सांगतं, त्याच्या हातात शब्द देणारं यंत्र त्याला स्वतःला सांगू देतं. आणि सगळे पुरावे जमले तरी एक साक्ष बाकी असते. ती घ्यायला पंधरा-वीस दिवस लागोत की वर्ष लागो, जो त्याच्या आयुष्याचा निर्णय करू पाहतो त्याने ती घेतल्याशिवाय निर्णय करू नये.